उसनवारी फेडलेले बी

यंत्रमानवाने कोठे चहाचा पेला कोणाच्या हाती दिला की त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर झळकते. आम्हीही त्या मोहास अपवाद नाही. बियाणे राखणाऱ्या संशोधकांची वार्ता मात्र आतल्या पानांतही क्वचितच येते.

सीरियातील आलेप्पोजवळ तेल हादिया येथे गहू, सातू, मसूर, हरभरा यांच्या जुन्या वाणांचा मोठा संग्रह होता. २०११ पासूनच्या यादवीत ते केंद्र संशोधकांस सोडावे लागले. सुदैवाने २००८ पासूनच त्यांनी नॉर्वेच्या स्वालबार्ड येथील हिमगर्भ कोठारात त्याच वाणांचे बी ठेवावयास आरंभ केला होता. २०१५ मध्ये ती ठेव प्रथमच काढण्यात आली, लेबनॉन व मोरोक्को येथे पेरली गेली आणि २०१७ मध्ये उसने बी परत जाऊ लागले.

तांबेऱ्यास वा अवर्षणास दाद न देणारा गुण पुष्कळदा अशा विसरलेल्या वाणातच सापडतो. असे असता या कामाच्या खर्चास कात्री लावणे आम्हांस आत्मघातकी वाटते. बी थंडीत ठेवले म्हणजे काम संपले असे नव्हे. त्याची उगवणशक्ती वेळोवेळी तपासावी लागते, ते पुन्हा पेरावे लागते. त्यास जाणती माणसे लागतात, आणि माणसांस वेतन लागते.