चाळीचे अंगण हेच आमचे नाट्यगृह

एप्रिल महिना लागला की वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीच्या बी.डी.डी. चाळींमध्ये पूर्वी एकच प्रश्न कानावर यायचा, "औंदा कोणाची पार्टी आणली?" पार्टी म्हणजे गायन पार्टी. दोन चाळींच्या मधल्या जागेत फळ्या टाकून स्टेज उभे राही. पेटी, ढोलकी, बँजो आणि मागे चार-पाच कोरसवाले. बायका-मुले सतरंजीवर, म्हातारी माणसे गॅलरीत आणि दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री सुटलेला गिरणी कामगार रिकामा डबा हातात घेऊन कडेला उभा. आधी त्रिशरण-पंचशील, मग बुद्धवंदना, भीमवंदना आणि त्यानंतर खरा सामना. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. रुपया-दोन रुपयांचे बक्षीस देणाऱ्याचेही नाव माईकवरून मानाने पुकारले जाई.

ही केवळ करमणूक नव्हती. आंबेडकरी जलशाने तमाशाचा गण-गवळणीचा साचा घेतला आणि देवाधर्माच्या जागी समतेचा विचार बसवला. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी निरक्षर माणसापर्यंत चळवळ पोहोचवली. महाकवी वामनदादा कर्डक पोटासाठी मुंबईत आले, चाळीत राहूनच त्यांना अक्षरओळख झाली आणि पुढे त्यांच्या गीतांनी सारा महाराष्ट्र जागा केला. लोकशाहीर विठ्ठल उमप हे तर नायगावचेच. ज्यांना पुस्तक परवडत नव्हते, वाचता येत नव्हते, त्यांची शाळा या अंगणात भरत होती.

बंदिस्त सभागृहांशीही आपले नाते जुने आहे. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्यातूनच बहिष्कृत हितकारिणी सभा आकाराला आली. गिरणगावातील कामगार रंगभूमी याच दामोदरच्या आधाराने वाढली. २०२३ मध्ये हे नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा कलावंतांना आंदोलनाचा पवित्रा घ्यावा लागला. दादरचे आंबेडकर भवन जून २०१६ मध्ये एका रात्रीत पाडले गेले. त्याविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले. वास्तू गेली की तिच्याबरोबर काय जाते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

अंगणाचे मात्र तसे झाले नाही. ते हळूहळू हातातून गेले, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही. पहिला बदल वेळेचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील मोजक्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. आजारी माणसाचा, अभ्यास करणाऱ्या मुलाचा विचार केला तर हा नियम योग्यच आहे. पण पहाटेपर्यंत रंगणारा सामना त्यात बसेना. दुसरा बदल पैशाचा. वर्गणीचा मोठा हिस्सा डीजेच्या भिंतीवर जाऊ लागला आणि गायकाला "साहेब, समाजाचे काम आहे, जरा कमी घ्या" असे सांगण्यात येऊ लागले.

आता तिसरा बदल जागेचा. मुंबईत बी.डी.डी.च्या २०७ चाळी होत्या. त्यांचा पुनर्विकास सुरू असून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. सामाईक नळ आणि संडासाच्या रांगेत ज्या आयाबायांचा जन्म गेला, त्यांच्यापुढे जुन्या चाळीचे कौतुक सांगण्याची माझी हिंमत नाही. पण नव्या इमारतीत सतरंजी कुठे अंथरणार, हे आजच विचारले पाहिजे.

मी हिशेबातला माणूस, म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. एक, नव्या सोसायटीच्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत समाजमंदिराचा वा मोकळ्या जागेचा वापर जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि कलेच्या कार्यक्रमांसाठी रास्त दरात मिळावा, असा ठराव मांडून तो इतिवृत्तात लिहून घ्यावा. तोंडी शब्दाला पुढच्या कमिटीपुढे किंमत नसते. दोन, जयंतीच्या जमाखर्चात "कलावंत मानधन" हा वेगळा रकाना ठेवावा आणि डीजेचा खर्च त्याच्या शेजारीच लिहावा. आकडेच काय ते बोलतील. तीन, कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू करून दहाच्या आत संपवावा. असे केले तर शाळेत जाणाऱ्या मुली आणि कामावरून परतलेल्या भगिनीही शेवटच्या गाण्यापर्यंत बसू शकतील.

आपल्या बापजाद्यांना कोणी नाट्यगृह बांधून दिले नव्हते. त्यांनी दोन चाळींच्या मधल्या जागेत विचारपीठ उभे केले. आपल्याकडे आज घर आहे, शिक्षण आहे, संघटना आहे. आता या घरांत वाढणाऱ्या मुलांना भीमगीत फक्त मोबाईलवर ऐकू यायचे, की समोर बसून, टाळी देऊन ऐकायला मिळायचे, याचा निर्णय आपल्याच सभेत व्हायचा आहे. त्या सभेला गैरहजर राहू नका.

जय भीम!