‘अमोनियाविरहित’ कलप आणि विसरली जाणारी चाचणी

लग्नकार्याच्या किंवा सणाच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी जी कामे उरकली जातात, त्यांत केसांना कलप लावणे हे एक ठरलेले काम असते. पुडी फोडायची, वाटीत कालवायची, ठरलेली मिनिटे डोक्यावर ठेवून धुऊन टाकायची. पार्लरच्या मानाने खर्च नगण्य आणि वेळही थोडा. मात्र त्वचेच्या दृष्टीने पाहिल्यास आदल्या संध्याकाळइतकी चुकीची वेळ दुसरी नाही. कलपातील रंगद्रव्याची अ‍ॅलर्जी असेल, तर तिची लक्षणे बहुधा लगेच दिसत नाहीत. ती एक ते तीन दिवसांत उमटतात. म्हणजे पापण्या सुजण्याची वेळ नेमकी कार्याच्या दिवशी येते.

दुकानातील पाकिटांवर ‘अमोनियाविरहित’, ‘हर्बल’, ‘मेंदीयुक्त’ असे शब्द ठळक अक्षरांत छापलेले असतात आणि ग्राहकाला ती सुरक्षिततेची ग्वाही वाटते. वास्तविक अमोनियाचे काम मर्यादित आहे. केसाच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. अमोनिया ते फुगवून उघडतो आणि रंगाला आत जाण्यास वाट करून देतो. त्याचा वास उग्र, त्याने डोळे चुरचुरतात, म्हणून बदनामीही त्याच्याच वाट्याला अधिक आली. त्याच्या जागी मोनोइथेनॉलअमाइनसारखा सौम्य वासाचा अल्कली वापरला की पाकिटावर ‘अमोनियाविरहित’ लिहिता येते. परंतु अ‍ॅलर्जीचे प्रमुख कारण असलेला पदार्थ वेगळाच आहे. त्याचे नाव पॅरा-फेनिलिनडायमाइन, संक्षेपाने पीपीडी. तो अमोनिया असलेल्या कलपात असतो, तसाच अमोनिया नसलेल्या कलपातही असू शकतो.

हा पदार्थ जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन यांनी १८६३ मध्ये तयार केला. केस रंगवण्यासाठी त्याच्या वापराचे पेटंट १८८३ मध्ये फ्रान्समध्ये घेण्यात आले. तेव्हापासून आजतागायत काळ्या आणि गडद तपकिरी टिकाऊ कलपात त्याला पुरता पर्याय सापडलेला नाही. त्याचे रेणू मुळात लहान आणि रंगहीन असतात, त्यामुळे ते केसाच्या गाभ्यापर्यंत सहज पोहोचतात. तेथे हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, ते इतर रेणूंशी जोडले जाऊन मोठे व रंगीत होतात आणि आत अडकून पडतात. म्हणूनच हा रंग धुतल्याने जात नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे भांगात पांढरी रेघ मात्र पुन्हा दिसू लागते आणि कलपाची पाळी परत येते.

या पुन्हा पुन्हा येणाऱ्या पाळीतच धोका आहे. पीपीडीची अ‍ॅलर्जी जन्मजात नसते. वारंवार संपर्कातून शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा त्या रेणूला ‘ओळखू’ लागते आणि एकदा ओळख पटली की ती सहसा आयुष्यभर टिकते. ‘दहा वर्षे हाच कलप लावते आहे, कधी काही झाले नाही’ हे वाक्य त्वचारोगतज्ज्ञांच्या परिचयाचे आहे, पण त्यातून अकराव्या वर्षाची हमी मिळत नाही. डोक्याची त्वचा जाड असल्याने लक्षणे अनेकदा तेथे कमी आणि कपाळाची कड, कानांच्या पाळ्या, मान व पापण्या येथे अधिक दिसतात. आधी खाज, मग लालसर पुरळ, सूज, तीव्र प्रकारात फोड आणि लस झिरपणे असा हा क्रम असतो. चेहरा सुजला तरी कारण केसांत आहे, हे त्यामुळे चटकन ध्यानात येत नाही. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये पीपीडीला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ’ असे संबोधले होते.

मेंदीच्या बाबतीत गैरसमज अधिक खोल आहे. मेंदीच्या पानातील लॉसोन हे द्रव्य केसातील केराटिन या प्रथिनाला चिकटते आणि पांढऱ्या केसाला नारिंगी-तांबूस छटा देते. निव्वळ मेंदीच्या एका लेपाने पांढरा केस काळाभोर होत नाही. काळा रंग वनस्पतींपासूनच हवा असेल, तर आधी मेंदी आणि नंतर नीळ वनस्पतीच्या पानांची भुकटी असे दोन लेप द्यावे लागतात आणि त्यात कित्येक तास जातात. तेव्हा ‘काळी मेंदी’ नावाची पुडी अर्ध्या तासात डोके काळे करत असेल, तर त्यात मेंदीखेरीज आणखी काही आहे, आणि ते बहुधा पीपीडी असते. लग्नात हातावर लवकर काळी चढणारी मेंदी काढण्याची हौस याच कारणाने महागात पडते. कोवळ्या वयात त्वचेवर पीपीडी लागला, तर अ‍ॅलर्जी तेव्हाच रुजू शकते आणि वीस वर्षांनी पहिल्यांदा कलप लावताना ती उफाळते. युरोपीय संघात अशा कलपांच्या वेष्टनावर १६ वर्षांखालील व्यक्तींसाठी तो नसल्याची सूचना छापावी लागते आणि त्यात ‘काळ्या मेंदी’च्या नक्षीचाही उल्लेख असतो.

भारतातही इशारा छापणे बंधनकारक आहे. पीपीडीयुक्त कलपाच्या आतील व बाहेरील वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत सावधगिरीची सूचना असावी, तसेच चाचणी कशी करावी याचे निर्देश पाकिटात असावेत, असे सौंदर्यप्रसाधनविषयक नियम सांगतात. भुवया व पापण्यांना हा कलप लावल्यास अंधत्व येऊ शकते, हेही त्यात नमूद असते. या वाक्याला इतिहास आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश लूअर’ नावाचा पापण्यांचा रंग वापरून काही स्त्रियांची दृष्टी गेली, एका स्त्रीचा मृत्यूही झाला. त्यातही पीपीडीच होता. तेथे १९३८ साली अन्न, औषधे व सौंदर्यप्रसाधनांचा नवा कायदा झाला, त्यामागील कारणांत या प्रकरणाचा समावेश होतो. त्या कायद्यातील इशारा आणि भारतीय पाकिटांवरील मजकूर यांत आजही मोठे साम्य आढळते. तरीही ही घडीची चिठ्ठी बहुतेक घरांत पुडीबरोबरच केराच्या टोपलीत जाते.

चाचणी सोपी आहे. कानामागील किंवा कोपराच्या आतील बाजूची छोटी जागा साबणाने धुऊन कोरडी करावी, वापरासाठी कालवतात तसाच कलप थोडासा कालवून तेथे लावावा आणि वाळू द्यावा. नियमांत २४ तासांचा उल्लेख आहे. परंतु प्रतिक्रिया उशिरा उमटत असल्याने ४८ तास थांबणे अधिक शहाणपणाचे. खाज, लाली किंवा सूज दिसल्यास तो कलप वापरू नये. ही चाचणी प्रत्येक वेळी करायची असते, केवळ नवा ब्रँड आणल्यावर नव्हे. घटकांच्या यादीत पॅरा-फेनिलिनडायमाइन हे नाव किंवा सीआय ७६०६० हा क्रमांक शोधावा. पूर्वी त्रास झालेल्या व्यक्तीने टोल्युइन-२,५-डायमाइन असलेला ‘पीपीडीविरहित’ कलपही परस्पर लावू नये, कारण दोन्ही रेणू एकमेकांच्या जवळचे आहेत. शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच चाचणी करतात.

प्रत्यक्ष लावताना डोक्यावर जखम किंवा ओरखडा नसावा. हातमोजे घालावेत, कपाळाच्या कडेला आणि कानांना पेट्रोलियम जेली लावावी. पेरॉक्साइडचा कलप धातूच्या भांड्यात नव्हे, तर काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाटीत कालवावा. दर वेळी संपूर्ण केसांना न लावता नव्याने उगवलेल्या मुळांपुरताच लावला, तर केसांच्या टोकांचा कोरडेपणा पुष्कळ टळतो. उरलेले मिश्रण झाकण लावून ठेवू नये. त्यात वायू तयार होऊन डबी फुटू शकते.

त्रास सुरू झालाच, तर रंग भरपूर पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुऊन काढावा आणि डॉक्टरांकडे जाताना पाकीट सोबत न्यावे. डोळे मिटण्याइतपत सूज आली किंवा श्वास घेताना अडचण वाटू लागली, तर घरगुती उपाय करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचे निदान केल्यास दंतवैद्यांनाही ते सांगावे, कारण बेंझोकेनसारख्या काही बधिरकांशी पीपीडीची आडप्रतिक्रिया होऊ शकते. काही जणी भीतीपोटी रंगवलेले केस कापून टाकतात; त्याची सहसा गरज पडत नाही. रंग पूर्ण तयार होऊन नीट धुतला गेला असेल, तर केसात अडकलेले मोठे रेणू त्वचेला फारसा उपद्रव देत नाहीत.