मत पुढाऱ्याला की कारभाराला?

संसदीय पद्धतीच्या निवडणुकीत एक विसंगती मुळापासूनच असते. मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडते, तिच्यावर त्याच्या मतदारसंघातील उमेदवारांचीच नावे असतात. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री कोणी व्हावे, हा प्रश्न तिच्यावर छापलेला नसतो. तरी निवडणुकीच्या दिवसांत चार माणसे एकत्र जमली, की बोलणे स्थानिक उमेदवारापाशी फार वेळ रेंगाळत नाही. वाद पेटतो तो पुढाऱ्यांवरून. कोण अधिक प्रामाणिक, कोणाला राज्य चालवण्याची अक्कल अधिक, कोणाच्या शब्दावर विसंबावे, याचीच चर्चा होते.

ही पद्धत ज्या देशाकडून आपल्याकडे आली, त्या ब्रिटनमध्येही असेच घडत आले आहे. १९४५ च्या जुलैत तेथे निवडणूक झाली, तेव्हा चर्चिल यांच्या कर्तृत्वाविषयी फारसे दुमत नव्हते. महायुद्धातून राष्ट्राला तारून नेणारा तो पुढारी होता. त्यांच्यासमोर उभे होते मितभाषी ॲटली. पण युद्ध जिंकणाऱ्या हातांनी घरे बांधली जातील काय, बेकारी आणि आजारपण यांचा भार हलका होईल काय, असा हिशेब मतदारांनी मांडला आणि मजूर पक्षाला ३९३ जागा देऊन सत्तेवर बसवले. थोरवी मान्य करणे आणि मत देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निकालाने दाखवले. बावीस वर्षांनी हाच धडा भारतात एका राज्याच्या निवडणुकीत पुन्हा गिरवला गेला. ते राज्य मद्रास, म्हणजे आजचे तामिळनाडू. आणि वादाचे मोठे केंद्र होते मद्रास शहर, ज्याला १९९६ पासून चेन्नई म्हणतात.

फेब्रुवारी १९६७ मध्ये हा वाद ऐकायला मतदाराने कोठे जावे? आकाशवाणीवर राजकीय पक्षांना प्रचाराची भाषणे करण्याची मुभा १९७७ मध्ये मिळाली. मद्रासला दूरदर्शन आले ते १९७५ मध्ये. तेव्हा वाद व्हायचा तो सभेत, आणि सभा उठल्यावर चहाच्या दुकानात, केशकर्तनालयात व गल्लोगल्लीच्या वाचनालयांत. द्रविड मुन्नेत्र कळघमच्या कार्यकर्त्यांनी अशी लहान लहान वाचनालये ठिकठिकाणी चालवली होती. सोप्या तमिळमध्ये निघणारे ‘दिनतंती’सारखे वृत्तपत्र एकजण मोठ्याने वाची, भोवतालचे ऐकत, आणि बातमी संपायच्या आत वादाला तोंड फुटे. ज्याला अक्षर येत नसे त्यालाही या संसदेत जागा होती.

सभांची परंपरा तर त्याहून जुनी. तिरुवल्लिकेणीच्या समुद्रकिनाऱ्यावर १९०७ मध्ये बिपिनचंद्र पाल यांची व्याख्याने झाली होती. तेथील वाळूच्या एका भागाला लोकमान्यांच्या नावावरून टिळक घाट म्हणत, ही गोष्ट मराठी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या किनाऱ्यावर एके काळी परक्या सरकारविरुद्ध भाषणे झाली, तेथेच पुढे स्वदेशी सरकारच्या कारभाराचा हिशेब मागितला जाऊ लागला.

१९६७ चा वाद दोन नावांभोवती फिरत होता. पहिले नाव के. कामराज यांचे. शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटलेला हा विरुदुनगरचा माणूस १९५४ ते १९६३ अशी नऊ वर्षे मुख्यमंत्री होता. खेड्यापाड्यांत शाळा, शाळेतल्या मुलांना दुपारचे जेवण, धरणे आणि कारखाने ही त्यांची कामे लोकांच्या डोळ्यांसमोर होती. पक्षाच्या कामासाठी त्यांनी आपण होऊन पद सोडले, काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि नेहरूंच्या व शास्त्रीजींच्या निधनानंतर पंतप्रधान निवडण्याच्या कामात त्यांचाच शब्द वजनदार ठरला. त्यांची भाषणे म्हणजे घरगुती बोली. अलंकाराला तेथे वाव नव्हता.

दुसरे नाव सी. एन. अण्णादुरै यांचे. कांचीपुरमच्या विणकर कुटुंबातून आलेले हे एम. ए. झालेले गृहस्थ नाटककार, पटकथाकार, संपादक आणि असामान्य वक्ते होते. अनुप्रासांनी नटलेली त्यांची तमिळ ऐकायला विरोधकही येत. १९४९ मध्ये त्यांनी द्रविड मुन्नेत्र कळघम स्थापन केला. १९६२ मध्ये खुद्द कांचीपुरमला ते पराभूत झाले होते. पण त्याच निवडणुकीत त्यांच्या पक्षाने विधानसभेत ५० जागा मिळवल्या होत्या.

एकाने केलेले काम मोठे की दुसऱ्याने दाखवलेली आशा मोठी, असा हा वाद होता. पण तो हवेत चालला नव्हता. त्याला दोन खडतर प्रश्नांचा आधार होता. पहिला भाषेचा. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही संघराज्याची राजभाषा व्हायची होती. त्याविरुद्ध मद्रास राज्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, अनेकांचे प्राण गेले. तेव्हा मुख्यमंत्री होते एम. भक्तवत्सलम्, आणि त्या कडकपणाचा दोष काँग्रेसच्या माथी आला. दुसरा प्रश्न तांदळाचा. दुष्काळाच्या त्या वर्षांत तांदूळ मिळेना, मिळाला तर परवडेना. रुपयाला तीन ‘पडी’ तांदूळ देऊ, असे कळघमने सांगितले. पडी म्हणजे आपल्या शेर-पायलीसारखे धान्य मोजण्याचे भांडे. भांडे घरोघरी असल्यामुळे आश्वासन मोजायला कोणालाच अडचण नव्हती. चहाच्या दुकानात एक म्हणे, ‘शाळा कोणी दिल्या?’ दुसरा विचारी, ‘शाळेतून आलेल्या पोराला रात्री काय वाढायचे?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर कामराज हेच होते. दुसऱ्याचे उत्तर काँग्रेसपाशी नव्हते.

अर्थात सारा निर्णय विचारानेच झाला, असे म्हणता येणार नाही. १२ जानेवारी १९६७ रोजी कळघमचे उमेदवार आणि लोकप्रिय नट एम. जी. रामचंद्रन यांच्यावर गोळी झाडली गेली. गळ्याला पट्टी बांधलेले त्यांचे छायाचित्र भिंतींवर झळकले आणि इस्पितळातूनच ते निवडून आले. करुणा आणि कौतुक यांनाही मत असते.

आता प्रारंभीच्या विसंगतीकडे वळू. वाद चालला होता तो कामराज की अण्णादुरै असा. परंतु अण्णादुरै विधानसभेला उभेच नव्हते. ते दक्षिण मद्रासमधून लोकसभेचे उमेदवार होते. कामराज विधानसभेला उभे होते, तरी राज्याचा कारभार त्यांच्याकडे नव्हता. तो भक्तवत्सलम् यांच्याकडे होता. म्हणजे ज्या दोघांना लोक तराजूत तोलत होते, ती पारडी मतपत्रिकेवर नव्हतीच. तरी मतदार आपले म्हणणे त्या पत्रिकेतून नेमके सांगून गेले. शंभरांपैकी सुमारे ७६ मतदारांनी मतदान केले. २३४ पैकी १३७ जागा एकट्या कळघमला मिळाल्या. भक्तवत्सलम् श्रीपेरुंबुदूरला हरले. आणि विरुदुनगरला, आपल्या जन्मगावी, कामराज यांचा पी. श्रीनिवासन नावाच्या तरुण विद्यार्थी पुढाऱ्याने १,२८५ मतांनी पराभव केला.

या निकालाची एक बाजू मात्र विसरता कामा नये. मतांची टक्केवारी पाहिली, तर काँग्रेसला ४१.१० टक्के आणि कळघमला ४०.६९ टक्के मते होती. मग जागांमध्ये एवढी तफावत का? काँग्रेस जवळजवळ सर्वत्र लढली. कळघमने सुमारे १७५ जागा लढवल्या आणि उरलेल्या मित्रपक्षांना सोडल्या. राजाजींचा स्वतंत्र पक्ष आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट एकाच आघाडीत आले, त्यामुळे विरोधी मते फुटली नाहीत. ज्या पद्धतीत सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येतो, तेथे असे घडते. ब्रिटनमध्येही १९५१ साली मजूर पक्षाला अधिक मते मिळाली आणि सत्ता मात्र चर्चिल यांच्याकडे परत गेली. म्हणून जागा मोजून ‘सारी जनता अमक्याच्या बाजूची झाली’ असे म्हणणे धाडसाचे ठरते. मद्रासमध्ये दर दहांतले चारजण पराभूत पक्षाच्या बाजूला तेव्हाही होतेच.

हे भान सर्वांत अधिक जिंकणाऱ्याला हवे. ६ मार्च १९६७ रोजी अण्णादुरै मुख्यमंत्री झाले. त्यांचे जुने गुरू पेरियार रामस्वामी यांच्याशी १९४९ मध्येच त्यांची फारकत झाली होती, आणि या निवडणुकीत पेरियार कामराज यांच्या बाजूने उभे होते. तरी निकालानंतर अण्णादुरै तिरुचिरापल्लीला जाऊन त्यांना भेटले. कामराज यांचाही आदर पराभवाबरोबर संपला नाही. जानेवारी १९६९ मध्ये नागरकोविलच्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना लोकसभेवर पाठवले.

आणि तांदूळ? नव्या सरकारने रुपयाला एक पडी तांदूळ देण्यास सुरुवात केली, तीही मद्रास आणि कोइमतूर या दोन शहरांत. तिजोरीला त्याहून अधिक झेपणारे नव्हते. साहजिकच चहाच्या दुकानातला वाद पुन्हा सुरू झाला. फक्त उत्तर देणाऱ्याची जागा बदलली होती. मतदार पुढाऱ्याविषयी वाद घालतो तो व्यक्तिपूजेपायी, असे शहाणी माणसे पुष्कळदा म्हणतात. मद्रासच्या मतदाराने पुढाऱ्याचे नाव घेतले खरे, पण त्या नावाआड तो शाळा, भाषा आणि शिधा यांचाच जाब विचारत होता. जोवर भांडे घरात आहे आणि ते भरले की नाही हे मोकळेपणाने सांगायला चारचौघांत जागा आहे, तोवर मतपत्रिकेवर पुढाऱ्याचे नाव नसले तरी बिघडत नाही.