चिकाटी (ख्रिस्ती धर्मातील)

स्वीकारलेली श्रद्धा संकट, मोह, निराशा वा छळ यांपुढे न डगमगता अखेरपर्यंत टिकविण्याच्या वृत्तीस ख्रिस्ती धर्मविचारात चिकाटी म्हणतात. नव्या करारात या अर्थी योजलेल्या ग्रीक शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ ‘खाली टिकून राहणे’ असा आहे. मुकाट्याने सोसणे एवढेच त्यात अभिप्रेत नाही. धावण्याची शर्यत, मुष्टियुद्ध व सैनिकाची शस्त्रसामग्री हे सेंट पॉलचे दृष्टांत तिचे सक्रिय रूप दर्शवितात. प्रार्थना, उपवास, आत्मपरीक्षण व सेवा ही तिची नित्याची साधने होत.

हे टिकून राहणे मानवी प्रयत्नाचे फळ की ईश्वरी कृपेचे, हा यातील मूलभूत प्रश्न होय. सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने अखेरपर्यंतची चिकाटी ही ईश्वराची देणगी मानली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) हे मत स्वीकारून मानवी सहकार्याची आवश्यकताही प्रतिपादिली. ईश्वराने निवडलेले लोक कायमचे पतित होत नाहीत, असा निर्णय डॉर्टच्या परिषदेने (१६१८–१९) दिला. तर जॉन वेस्ली (१७०३–९१) याच्या मते श्रद्धावंतही ढळू शकतो, म्हणून त्याने सदैव जागरूक राहावे. मतभेद असले, तरी प्रयत्नाने कृपा विकत घेता येत नाही, प्रयत्न हा कृपेला दिलेला प्रतिसाद असतो, याबाबत या परंपरांत बरेच साम्य आढळते. जॉन बन्यनच्या ग्रंथाच्या हरि केशवजीकृत यात्रिकक्रमण (१८४१) या अनुवादाने ही कल्पना प्रवासाच्या रूपकातून मराठीत आणली.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तथापि त्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म लाभला, प्रत्यक्ष ख्रिस्ताची प्रचीती मात्र पुढे सुमारे आठ वर्षांनी आली, असे त्यांनी आत्मनिवेदनात म्हटले आहे. धर्मांतराच्या आरोपावरून १८९३ मध्ये शारदा सदनाच्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुलींना परत नेले. तरीही त्यांनी कार्य सोडले नाही. शतकाच्या त्या अखेरच्या दशकात मावळातील लोणावळे येथे ख्रिस्ती उपासना-मेळावे भरत. अशाच एका मेळाव्याला त्या पंधरा ख्रिस्ती मुलींसह गेल्या असता, पुढील मेळाव्यापर्यंत ही संख्या पंधरापट, म्हणजे २२५ व्हावी, अशी प्रार्थना त्यांनी केली. तेवढ्यावर न थांबता १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली व विधवा यांना आश्रयास आणले. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सुबोध मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी हे काम खंडित झाले नाही. एप्रिल १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ते पूर्णत्वास नेले. ज्या कृपेवर त्यांचा सर्वस्वी भरवसा होता, तिने त्यांचे कष्ट कमी केले नाहीत. ते अखेरपर्यंत करीत राहण्याचे बळ तिच्यापासूनच लाभते, अशी त्यांची श्रद्धा होती.