वजनकाटा बंद, ट्रॅक्टरांची रांग! पॅनलमधल्या ‘स्विच’ला कोणती केबल कुठं लावायची?

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं कॉम्प्युटरशी कनेक्शन तुटलं की उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. तोडलेला ऊस जितका वेळ उन्हात उभा, तितकं वजन घटतं आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. अशा वेळी बिघाड काट्यातच असतो असं नाही. कधी कधी पॅनलमधल्या नेटवर्क स्विचची केबल नुसती सैल झालेली असते. कारखाना, दूध डेअरी, पाणीपुरवठा योजनेवर कामाला असलेल्या गावच्या पोरांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं.

स्विच म्हणजे काय?

हा लाईटचा खटका नव्हे. काटा, कॅमेरा, कॉम्प्युटर, मशीनचा कंट्रोलर यांना एकमेकांशी जोडणारी ही पेटी. घरगुती स्विच प्लास्टिकचा आणि अडॅप्टरवर चालणारा असतो. कारखान्यातला बहुतेक वेळा धातूचा, पॅनलमधल्या ३५ मिमी पट्टीवर बसणारा आणि २४ व्होल्ट डीसीवर चालणारा असतो. अनेक स्विचला वीज घ्यायला दोन जागा असतात. एक सप्लाय गेला तरी दुसऱ्यावर काम चालू राहतं.

कोणत्या पोर्टला काय?

• चौकोनी पोर्ट (आरजे-४५) : यात तांब्याची, आठ तारांची केबल बसते. ‘टक’ असा आवाज आला की बसली. लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी.

• पीओई पोर्ट : याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही मिळते, वेगळी लाईन ओढावी लागत नाही. मात्र कॅमेराही पीओईचा पाहिजे.

• एसएफपी पोर्ट : यात आधी छोटं मॉड्यूल, मग फायबर. गेटवरचा काटा ऑफिसपासून लांब असेल तर फायबरच बरी. काचेची असल्याने तिच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे दोन इमारतींच्या मध्ये विजेच्या कडकडाटातही धोका कमी. फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नये. लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

या चुका टाळा

एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये घालू नका. साध्या स्विचमध्ये तोच डेटा गोल गोल फिरत राहतो आणि सगळं नेटवर्क ठप्प होतं. मोटारीच्या पॉवर केबलला चिकटून नेटवर्क केबल नेऊ नका. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. शिल्डवाली केबल असेल तर अर्थिंग नीट हवं.

बंद पडलं तर?

आधी पोर्टचा लाईट बघा. लाईटच नसेल तर केबल काढून परत बसवा, मग चालू असलेली दुसरी केबल लावून बघा, शेवटी पोर्ट बदला. पण पोर्ट बदलण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण काही ठिकाणी प्रत्येक पोर्टचं सेटिंग वेगळं असतं. पॅनलमधल्या विजेच्या तारांना मात्र वायरमनशिवाय कुणी हात लावू नये.

हंगाम सुरू होण्याआधीच प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना ‘काटा १’, ‘गेट कॅमेरा’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, तर रात्रपाळीला शोधाशोध करावी लागत नाही आणि ट्रॉल्याही खोळंबत नाहीत.