लासलगावचा कांदा आणि कोबाल्टचे किरण

अन्नसुरक्षेचा विचार आपण बहुधा पेरणीपासून सुरू करतो: बियाणे, पाणी, खते, हेक्टरी उत्पादन. पिकलेले अन्न पानात पडेपर्यंत टिकवणे हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग. निफाड तालुक्यातील लासलगावला तो जितका उघडा दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसेल.

नाशिक जिल्ह्यात कांद्याचे तीन हंगाम. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे बाजारात येऊ लागतो, त्यामागून रांगडा आणि शेवटी उन्हाळ. पहिले दोन फार दिवस टिकत नाहीत. ते काढले की विकावेच लागतात. साठवणीला उतरतो तो उन्हाळ कांदा. पावसाळाभर, नवा लाल कांदा येईपर्यंत, देशातल्या बऱ्याच घरांची फोडणी या एका साठ्यावर चालते. भाद्रपद-आश्विनात चाळीत काय उरले यावर दूरच्या शहरांतला भावही हलतो. १९९८ साली दिल्लीतल्या सत्तांतरात कांद्याच्या महागाईचा वाटा होता, हे अनेकांना आठवत असेल.

चाळीत कांदा तीन वाटांनी जातो. पाणी उडून वजन घटते. दमट हवेत काजळी आणि सड लागते. आणि विश्रांतीचा काळ संपला की कांदा कोंब धरतो. कोंब हा रोग नव्हे. पुढची पिढी वाढवण्यासाठीच कांद्याने अन्न साठवलेले असते. आपण ते मधेच अडवत असतो.

ही तिसरी वाट बंद करण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावला ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, उभारले. तिथे कोबाल्ट-६० या स्रोतातून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडतात. मात्रा अगदी थोडी, ३० ते ९० ग्रे. कांद्याच्या गाभ्यातील वाढीच्या कोवळ्या पेशींना तेवढी पुरते. त्यांचे विभाजन थांबते आणि कोंब फुटत नाही. या किरणांची ऊर्जा कांद्याला किरणोत्सारी करण्याइतकी नसते. क्ष-किरण तपासणीनंतर माणूस किरणोत्सारी होत नाही, तसेच हे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९८० साली १० हजार ग्रेपर्यंतची मात्रा अन्नासाठी सुरक्षित ठरवली आणि भारताने १९९४ मध्ये कांदा, बटाटा व मसाल्यांना परवानगी दिली. अशा मालावर तसे चिन्ह छापणे बंधनकारक आहे. काही देशांत कोंब रोखण्यासाठी उभ्या पिकावर मॅलेइक हायड्रॅझाइड फवारतात. किरणांच्या पद्धतीत औषधाचा अंश मागे राहण्याचा प्रश्नच येत नाही.

मग चाळी ओस का पडल्या नाहीत? एक तर किरण सड थांबवत नाहीत. ओली मान किंवा खरचटलेले टरफल असलेला कांदा किरण देऊनही सडतोच. दुसरे, मात्रा काढणीनंतर, नीट सुकवून, विश्रांतीच्या काळातच द्यावी लागते. कोंब आत सरकू लागल्यावर उपयोग नाही. म्हणजे सगळा माल एप्रिल-मेच्या काही आठवड्यांत एकाच दारी यायला हवा. तिसरे, खरा फायदा नंतर शीतगृह मिळाले तर. नुसत्या शीतगृहातला कांदा बाहेर काढताच कोंब धरतो, किरण दिलेला धरत नाही. पण वाहतूक, दोनदा हमाली आणि शीतगृहाचे भाडे, हे सगळे किलोमागे काही रुपयांच्या मालावर चढते.

हापूसला हा खर्च पेलला. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले, तेव्हा फळातील किडींच्या बंदोबस्तासाठी ४०० ग्रेची अट होती, आणि ती पुरी करायला कोकणचा आंबा घाट चढून कांद्याच्या गावी आला. कांद्यासाठी बांधलेल्या केंद्राला नाव मिळाले ते आंब्यामुळे.

२०२३ साली केंद्र सरकारने राखीव साठ्यातील कांद्यावर हा प्रयोग पुन्हा हाती घेतला. साठवणुकीतील तूट सुमारे २५ टक्क्यांवरून १०-१२ टक्क्यांवर येईल, अशी अपेक्षा होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. कांदा सहा महिने टिकवण्याचा खर्च शेतकरी करतो तो पुढच्या भावाच्या आशेवर. भाव चढताच बाजार बंद होणार असेल, तर तो मे महिन्यातच गोणी लिलावात उभी करील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून पहिले काम सोपे आहे: मान राखून कापणी, सावलीत सुकवणे, काटेकोर प्रतवारी, हवा खेळणारी चाळ. त्यापुढे, सरकार ज्या राखीव साठ्याची तूट स्वतः सोसते, त्याला किरण आणि शीतगृह द्यावे. आणि निर्यातीचे धोरण हंगामाआधी सांगून हंगामभर पाळावे. कोंब रोखण्याचे शास्त्र लासलगावात वीस वर्षांहून अधिक काळ उभे आहे. शेतकऱ्याला थांबण्याचा भरवसा मिळाला, तरच ते चाळीपर्यंत पोचेल.