मायक्रॉनचा हिशेब

डोळ्याच्या अगदी पुढच्या भागात पारपटल नावाचा पारदर्शक पडदा असतो. डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण वळवण्याचे बहुतांश कार्य तोच करतो. त्याची मध्यभागाची जाडी साधारणपणे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. एवढ्याशा जाडीतच चष्म्याचा नंबर घालवणारी ‘लॅसिक’ ही शस्त्रक्रिया केली जाते.

या शस्त्रक्रियेत प्रथम पारपटलाचा वरचा पातळ पापुद्रा कापतात. तो एका कडेला जोडलेलाच ठेवून वहीच्या पानाप्रमाणे उलटतात. त्याखालील थराचा काही अंश एक्सायमर लेसरने काढून पारपटलाची वक्रता बदलतात व पापुद्रा पुन्हा जागेवर बसवतात. आसपासच्या भागाला उष्णतेची इजा न होता या लेसरने प्राणिज ऊती कोरता येतात, हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८१ मध्ये दाखवून दिले होते.

परत बसवलेला पापुद्रा पूर्वीच्या बळकटीने जोडला जात नाही. त्यामुळे डोळ्याच्या आतील दाब सोसण्याची जबाबदारी मुख्यतः खाली उरलेल्या थरावर येऊन पडते. हा थर फार पातळ झाला, तर पारपटल हळूहळू पुढे फुगते आणि दृष्टी पुन्हा बिघडते. अशी हानी चष्म्यानेही पुरती भरून निघत नाही. म्हणून किमान २५० मायक्रॉनचा थर शिल्लक राहावा, असा संकेत रूढ झाला. अनेक नेत्रतज्ज्ञ ३०० मायक्रॉनचा आग्रह धरतात.

एका उदाहरणाने हा हिशेब स्पष्ट होईल. समजा, पारपटलाची जाडी ५०० मायक्रॉन आणि चष्म्याचा नंबर उणे ६ आहे. सहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर उपचार करताना प्रत्येक नंबरामागे सुमारे १२, म्हणजे एकूण ७२ मायक्रॉन ऊती काढाव्या लागतात. पापुद्रा ठरल्याप्रमाणे १६० मायक्रॉनचा निघाला, तर खाली २६८ मायक्रॉन उरतात. तोच १९० मायक्रॉनचा निघाला, तर उरतात केवळ २३८! अवघ्या ३० मायक्रॉनच्या चुकीने सुरक्षिततेची मर्यादा ओलांडली जाते. उलट, पापुद्रा प्रमाणाबाहेर पातळ झाला, तर त्याला मध्येच छिद्र पडू शकते.

पूर्वी पापुद्रा कापण्यासाठी मुख्यतः मायक्रोकेरॅटोम हे पात्याचे यंत्र वापरीत. पात्याची धार, ते फिरण्याचा वेग आणि मूळ पारपटलाची जाडी यांनुसार पापुद्र्याची जाडी बदलत असे. यंत्रावर लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्षातील जाडी यांत त्यामुळे तफावत पडे. एकाच पात्याने दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्यास दुसऱ्या डोळ्याचा पापुद्रा बहुधा अधिक पातळ निघे. विसाव्या शतकाच्या अखेरीस विकसित झालेल्या फेम्टोसेकंद लेसरने ही तफावत बरीच कमी केली. हा लेसर ठरावीक खोलीवर अतिसूक्ष्म बुडबुडे निर्माण करून थर विलग करतो.

तथापि, यंत्र सुधारले तरी मोजमापाची गरज संपत नाही. पापुद्रा उलटल्यावर खालच्या थराची जाडी ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोजता येते. मूळ जाडीतून ती वजा केली, की पापुद्र्याची खरी जाडी कळते. लेसर चालवण्यापूर्वीच हे कळल्यास तज्ज्ञाला आपला बेत बदलता येतो, प्रसंगी थांबताही येते. शस्त्रक्रियेत किती काढले, याइतकेच मागे किती उरले, हे महत्त्वाचे असते. आणि ते अंदाजाने नव्हे, मोजूनच ठरवावे लागते.